डॉक्टरांनी सांगितलं का?

पुण्यात माणसाने मोटार घेतली की लोक पेढे मागतात. स्कूटर घेतली की ॲव्हरेज विचारतात. सायकल घ्यायचं नुसतं मनात आहे असं म्हटलं, की चौकशी बसते. पहिला प्रश्न : "डॉक्टरांनी सांगितलं का?" दुसरा, आवाज जरा खाली आणून : "नोकरी ठीक आहे ना?" शुगर नॉर्मल आहे, नोकरीही शाबूत आहे, असं सांगितलं की विचारणारा जास्तच काळजीत पडतो. आजार नाही, अडचण नाही, आणि सायकल?

"ऑफिसला जायला घेतोय," असं म्हटल्यावर त्याचा चेहरा, पोरगा सीए अर्धवट सोडून कीर्तनकार व्हायचं म्हणतोय हे ऐकलेल्या बापाचा होईल, तसा होतो.

आणि हे कुठल्या शहरात? एके काळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की इथले रस्ते सायकलींनी भरून जायचे. सायकलला कर होता, कराचा बिल्ला होता, रात्री दिवा नसला किंवा मागे कुणाला डबलसीट घेतलं तर पोलीस अडवायचा. म्हणजे कायद्याच्या लेखी तरी सायकलवाल्याला किंमत होती. आता तो सिग्नल तोडून पोलिसाच्या नाकासमोरून गेला तरी पोलीस त्याच्या आरपार पलीकडची स्कूटर बघत असतो. ती स्कूटरही आम्हीच केली. आकुर्डीला कारखाना निघाला, लोकांनी नंबर लावले, वर्षानुवर्षं वाट पाहिली, आणि स्कूटर दारात आली त्या दिवशी सायकल जिन्याखाली गेली. ती अजून तिथेच आहे. तिच्याकडे आपण नंतर येऊ.

सध्या सायकलवर बसायला समाजमान्य कारणं दोनच, गरज आणि आरोग्य. गरजेची सायकल काळी असते. ती पेपरवाल्याकडे, वॉचमनकडे, बांधकामावरच्या गवंड्याकडे असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. आरोग्याची सायकल रविवारी पहाटे निघते. तिच्यावरचा माणूस अंगासरसे कपडे घालतो, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातो, तिथे दोन प्लेट भजी खातो, आणि परत आल्यावर किती कॅलरी जाळल्या त्याचा आलेख सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. भजी आलेखात येत नाहीत. त्या सायकलची किंमत लाखाच्या घरात असल्यामुळे तिला सगळे मान देतात.

मला हवी होती ती या दोन्हींत न बसणारी. सोमवार ते शुक्रवार, कोथरूड ते शिवाजीनगर, मागे डबा, रेनकोट आणि लॅपटॉप. बजेट बारा हजार. हा आकडा फार गैरसोयीचा आहे. गरिबाला तो परवडत नाही आणि श्रीमंताला तो सांगवत नाही.

आकडा फुटल्याबरोबर सल्लागार जमले. यातल्या बहुतेकांनी शेवटची सायकल चालवली तेव्हा राजीव गांधी पंतप्रधान होते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी तर निकालच दिला : "ॲटलास घे. डोळे मिटून घे." मी म्हटलं, काका, सोनिपतला १९५१ साली सुरू झालेली ती कंपनी, तिच्या साहिबाबादच्या कारखान्यातलं काम २०२० च्या ३ जूनला थांबलं. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता. काका हळहळले. "लोकांनी सायकली घेतल्याच नाहीत ना! दुसरं काय होणार?" म्हणाले आणि मोटारीची किल्ली शोधायला लागले. त्यांना कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची होती.

दुसरा एक वर्ग इतिहासाने प्रोत्साहन देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि त्यातून केवढा उद्योग उभा राहिला, हे मला या दिवसांत इतक्या जणांनी सांगितलं की त्या दुकानात माझी उधारी असावी असं वाटायला लागलं. सायकल विकून माणूस कुठच्या कुठे जातो हे त्यातून सिद्ध होतं. सायकल विकत घेऊन कुठे जातो, यावर इतिहास गप्प आहे.

मी नाना पेठेत गेलो.

दुकानात पाऊल टाकताच मालकांनी प्रेमाने विचारलं, "मुलगा केवढा आहे, साहेब?"

"सायकल माझ्यासाठी हवीय."

"अच्छा! फिटनेस."

"नाही. ऑफिसला जायला."

मालक थोडा वेळ थांबले. मग हलकेच म्हणाले, "इलेक्ट्रिक दाखवू का?"

नको म्हटल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. तिथे ओळीने चाळीस-पन्नास सायकली उभ्या होत्या आणि झाडून सगळ्या डोंगरावर निघाल्या होत्या. जाडजूड, दातेरी टायर. पुढे शॉकॲब्झॉर्बर, काहींना मधेही. नावं ज्वालामुखीची, वादळांची आणि हिंस्र पशूंची. दांडीवर बर्फाच्छादित शिखराचं स्टिकर. कोथरूडहून शिवाजीनगरला जाताना वाटेत नळ स्टॉप लागतो, नंगा पर्वत लागत नाही, हे त्यांना सांगावं कसं?

"एकवीस गिअर आहेत," मालक म्हणाले. पुढे तीन चकत्या, मागे सात. तीन साते एकवीस. हा पाढा बरोबर आहे, पण सायकलला पाढे येत नाहीत. पुढची सर्वांत मोठी आणि मागचीही सर्वांत मोठी चकती एकत्र धरली तर चेन इतकी तिरकी ताणली जाते की ती करकरून हरकत घेते. लहान-लहानचं तेच. उरलेल्यांतही बरेचसे एकमेकांची नक्कल. माणूस शेवटी तीन-चार गिअरांत संसार करतो.

"वजन किती?"

"मजबूत आहे एकदम."

"किलोमध्ये?"

"तुम्ही उचलणार थोडीच आहात, साहेब, चालवणार!"

पुढच्या शॉकॲब्झॉर्बरचं मात्र मी विचारूनच घेतलं. या किमतीत तो म्हणजे नळीत घातलेली एक स्प्रिंग असते. त्या सगळ्याचं वजन दोन-अडीच किलो भरतं, आणि चढावर उभं राहून पॅडल मारलं की बराच जोर स्प्रिंग स्वतःच गिळते. आपण दाबतो, ती खाली जाते, आपण दमतो, ती वर येते. रस्ता आहे तिथेच असतो. साधा, सरळ, लोखंडी चिमटा असलेली सायकल दाखवा म्हटल्यावर मालकांनी मला कोपऱ्यातल्या अंधारात नेलं आणि पोऱ्याला फडकं आणायला सांगितलं.

ती चांगली होती. लोखंडी फ्रेम, सातशे बाय पस्तीसचे जवळजवळ गुळगुळीत टायर, पुढे एकच चकती, मागे सात. पण तिच्याकडे पाहताना काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

"मडगार्ड?"

"ते वेगळं येतं."

"स्टँड?"

"वेगळा."

"कॅरिअर, घंटी, चेनकव्हर, कुलूप?"

"ते सगळं ॲक्सेसरीत."

"मालक, पॅडल तरी आहे ना?"

"या रेंजमध्ये आहे," मालक शांतपणे म्हणाले. "वरच्या रेंजमध्ये तेही येत नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण हे अक्षरशः खरं आहे. महागड्या शर्यतीच्या सायकली पॅडलशिवाय विकल्या जातात, कारण त्या चालवणाऱ्याच्या बुटांत ज्याच्या-त्याच्या पसंतीची पॅडल अडकायची असतात. म्हणजे सायकलच्या धंद्याचा नियमच असा की जितके पैसे जास्त, तितक्या वस्तू कमी. आजोबांच्या काळ्या सायकलला अख्खं चेनकव्हर होतं, म्हणून धोतराचा सोगा काळा होत नसे. दोन्ही चाकांना मडगार्ड, मागच्याला पार खालपर्यंत. दुहेरी पायांचा स्टँड, ज्यावर ती उभी केली की मागचं चाक अधांतरी फिरायचं. कॅरिअरवर गव्हाचं पोतं बसायचं. डायनॅमो, दिवा, घंटी, सीटखाली पाने ठेवायची चामडी पिशवी. वीस किलोच्या वर वजन होतं हे कबूल, पण ऑफिसला जाणाऱ्या माणसाला काय काय लागतं याचा विचार करून कुणीतरी ती बनवली होती. आताच्या सायकली, ऑफिसला जाऊ नये म्हणून माणूस काय काय करेल, याचा विचार करून बनवतात.

मडगार्डचा मुद्दा पुणेकराने हसण्यावारी नेऊ नये. पावसाळ्यात मडगार्ड नसलेल्या सायकलवरून माणूस ऑफिसला पोचला की त्याच्या पाठीवर कंबरेपासून मानेपर्यंत चिखलाचा एक सरळ पट्टा उमटलेला असतो. तो स्वतःला दिसत नाही. मीटिंगभर बाकीच्यांना दिसतो.

किमतीवर बोलणी सुरू झाली. मी अभ्यास करून गेलो होतो. "मालक, सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आलाय."

"आलाय ना!" मालक आनंदाने म्हणाले.

"मग किंमत तीच?"

"तीच कशी? कमी झाल्यामुळे तीच राहिली. नाहीतर वाढणार होती."

मी दुसऱ्या दिवशी येतो म्हणून निघालो. पुणेरी ग्राहक आणि दुकानदार या दोघांनाही हे वाक्य नीट कळतं.

चढाचा प्रश्न सुटलेला नव्हता. पुण्यात सगळं मुठेकडे उतरतं. कोथरूडहून निघालं की डेक्कनपर्यंत सायकल जवळजवळ आपली आपणच जाते. सकाळी इस्त्रीचा शर्ट, केस जागच्या जागी, मनात मंगल विचार. संध्याकाळी दमून परत यायचं तेव्हा तोच उतार चढ झालेला असतो, आणि पावसाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून तोंडावर. म्हणजे शक्ती असते तेव्हा लागत नाही आणि लागते तेव्हा नसते. काळ्या सायकलला गिअर नव्हते. पुढे चव्वेचाळीस दाते आणि मागे अठरा. पॅडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण सव्वापाच मीटर पुढे. सपाटीवर ठीक आहे. पौड फाट्यानंतर दर फेऱ्याला सव्वापाच मीटर स्वतःला ओढणं म्हणजे चेष्टा नाही. पुढे अडतीस आणि मागे अठ्ठावीस दाते असले तर एका फेऱ्याला तीन मीटरही होत नाहीत. पाय भराभर फिरतात, शेजारून चालणारे लोक आपल्याला ओळख देतात, पण छाती फुटत नाही. एवढ्यासाठी मागच्या सात चकत्या हव्यात. पुढच्या तीन कशाला हव्यात, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दरम्यान घरून सूचना आली : "नवी कशाला? खाली पार्किंगमध्ये बघ की किती पडल्यात."

आता आपण त्या जिन्याखालच्या सायकलींकडे आलो. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये मीटरच्या खोलीजवळ आठ-दहा सायकली एकमेकींत हँडलं अडकवून उभ्या असतात. टायर बसलेले, चेनला गंज, सीटवर मांजर. दर वर्षी कमिटी नोटीस लावते : 'पंधरा दिवसांत मालकांनी आपापल्या सायकली न नेल्यास भंगारात देण्यात येतील.' पंधरा दिवसांनी सायकली असतात, नोटीस गळून पडलेली असते. त्यातली एक निळी चांगली दिसली म्हणून मी वर जाऊन बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. सायकलचं नाव काढताच त्यांचे डोळे भरून आले. "ती आमच्या ह्याची. इंजिनिअरिंगला असताना याच सायकलवर जायचा हो." हा आता सिॲटलला असतो, त्याच्याकडे दोन मोटारी आहेत. "विकायची नाही म्हणतो तो. आठवण आहे."

"काकू, पण गंजतेय ती."

"असू दे. तुम्ही फक्त त्या मांजराला हाकला."

जुन्या बाजारातही बुधवारी एक चक्कर मारली. तिथे सायकली स्वस्त आहेत, पण 'ही कुणाची?' असं विचारलं की विकणारा 'आता तुमची' असं उत्तर देतो. ते फार समाधानकारक नाही. चोरीची वस्तू घेऊन तिला नवं कुलूप लावायचं, यात काहीतरी विसंगती आहे.

शेवटचा शब्द मात्र या सगळ्यांपैकी कुणाचाच नसतो, तो मिस्त्रीचा असतो. आमच्या वाटेवर एका वडाखाली एका मिस्त्रींची टपरी आहे. पेटी, पंप, पाण्याचं घमेलं, फांदीला टांगलेली रिम, बास. मी त्यांना त्या कोपऱ्यातल्या सायकलचा फोटो दाखवला. त्यांनी काळ्या अंगठ्याने तो मोठा केला. सायकलचं सौंदर्य, रंग, कंपनी यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट चाकाच्या आत बघितलं.

"व्हॉल्व्ह कुठला आहे?"

मी म्हटलं, बारीक, पितळी टोकाचा असेल.

"मग मी हवा भरणार नाही. म्हणजे भरता येणार नाही. माझ्या पंपाला तो लागत नाही. मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह बघा. मी पण भरीन, पेट्रोलपंपावर पण भरतील."

मग त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. ब्रेक कुठला? डिस्क असेल तर पावसात चांगला धरतो, यात वाद नाही. पण पार्किंगमध्ये कुणाची स्कूटर टेकली आणि चकती वाकली की जन्मभर चीं-चीं करत राहतो. रबराचा ब्रेक असेल तर गुटके कुठेही मिळतात, पान्याचे दोन पीळ दिले की काम झालं. स्पोक किती? छत्तीस. ठीक. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली तर पाय सरळ होतो का? दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिलं तर दांडी आणि तुमच्यात दोन-तीन बोटं अंतर राहतं का? "दुकानवाला सांगेल, सीट वरखाली होते, कुणालाही बसेल. सीट वरखाली होते, दांडी होत नाही. जोरात ब्रेक मारून पुढे उतरलात की कळेल."

बोलता बोलता एका मुलाची सायकल त्यांच्यासमोर उलटी पडली होती, तिचं चाक ते फिरवत होते. ब्रेकजवळ खडूचा तुकडा धरला. फिरणाऱ्या रिमवर एके ठिकाणीच पांढरी खूण उमटली. तिथे आउट होता. समोरच्या बाजूचा स्पोक पाव पीळ घट्ट, अलीकडचा पाव पीळ ढिला. पुन्हा फिरवलं. मग सगळे स्पोक एकेक करून बोटाने छेडले, कान लावून. एक बद्द वाजला, तो पुन्हा पिळला. मुलाकडून वीस रुपये घेतले, दहा परत दिले. एवढ्या कामाला शहरात कुणी कन्सल्टंट बोलावला असता तर त्याने आधी जेवणाची ऑर्डर दिली असती.

त्यांच्या अटी घेऊन मी नाना पेठेत परत गेलो. ट्यूब बदलून घेतल्या, जाड व्हॉल्व्हच्या. सायकल बजेटात बसली. पण मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, दिवे, हेल्मेट आणि एक बरं कुलूप हे सगळं मिळून तिच्या जवळजवळ निम्म्या किमतीला पडलं. मालकांनी बिल करताना "आता कशी भरलेली दिसते!" असं कौतुक केलं. कुलूप त्यांनी दोन प्रकारचं दाखवलं. पातळ तारेचं स्वस्त कुलूप चोराकडे पक्कड असली की पुरत नाही, आणि पोलादी यू आकाराचं जड कुलूप घेतलं की शॉकॲब्झॉर्बर टाळून वाचवलेलं वजन परत येतं. मी जड घेतलं. निदान ते चढावर दाबलं जात नाही.

ऑफिसचं राहिलं. आमच्या इमारतीच्या लॉबीत हिरवळीवरून सायकल चालवणाऱ्या हसऱ्या माणसाचं मोठं पोस्टर आहे. खाली पर्यावरणाविषयी काहीतरी इंग्रजीत. सायकल लावायला जागा मात्र नाही. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या दादांनी रजिस्टर पुढे केलं. गाडी नंबरचा रकाना. मी म्हटलं, सायकलला नंबर नसतो. ते म्हणाले, नंबराशिवाय आत सोडता येत नाही, सिस्टीम घेत नाही. बराच खल झाला. शेवटी सायकलच्या फ्रेमखाली ठोकलेला कारखान्याचा क्रमांक आठवला. मी चक्क सायकल उलटी केली, ते गुडघ्यावर बसले, मोबाइलच्या उजेडात बारा अंकी क्रमांक वाचून रजिस्टरात उतरवला, आणि सलाम केला. त्या क्रमांकाला त्यांनी पुढे दुचाकीचा स्टिकरही दिला. मी तो मडगार्डवर लावलाय. मडगार्डचा हा एक वाढीव उपयोग.

वाटेतल्या सायकल ट्रॅकबद्दल मी फार लिहीत नाही. शहराचा सायकल आराखडा २०१७ साली मंजूर झाला, आणि त्याच्याही आधीपासून कुठे कुठे ट्रॅक आहेत. त्यावर मोटारी उभ्या असतात, नारळपाणी मिळतं, बसायला बाकडी आहेत, मधेच विजेचा डीपी आहे. सायकल सोडून बाकी सगळ्यांची सोय झालेली आहे. मी रस्त्यावरून जातो.

ऑफिसात माझ्या सायकलची खरी दखल घेतली ती आमच्या साहेबांनी. त्यांच्याकडे कार्बनची सायकल आहे. ते ती मोटारीच्या मागे रॅकला लावून गावाबाहेर नेतात, तिथे चालवतात, पुन्हा रॅकला लावून घरी आणतात. त्यांनी माझ्या सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली, कॅरिअरकडे बघून भुवया वर केल्या, स्टँडकडे बघून काहीच केलं नाही.

"माझी साडेसात किलो," ते म्हणाले. "तुझी किती भरते?"

"डबा धरून की डबा सोडून, सर?"

ते विचारात पडले. "डब्यात काय असतं?"